विकत घेतलेली बासरी

तपासणीच्या मशीनमधून लिफ्टवाले दुसऱ्यांदाही चार मिनिटांतच बाहेर आले. बाहेर बाकावर बसलेल्या मोठ्याबाईंनी त्यांच्या पायांवरूनच ओळखलं, की काम झालेलं नाही. काम झालेल्या माणसाचे पाय असे एकमेकांना विचारत विचारत पडत नाहीत.

“अहो, झालं?” तरी त्यांनी विचारलं.

“बासरी चढत होती,” लिफ्टवाले म्हणाले.

या वाक्याचा अर्थ साऱ्या जगात एकट्या मोठ्याबाईंनाच कळला असता. लिफ्टवाल्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण स्वतःला वर जायचं तर जिन्याने. एकदा दोन मजल्यांच्या मध्ये साडेचार तास अडकले होते, तेव्हापासून बंद जागेची धास्ती बसली ती बसलीच. त्या धास्तीवर एकच औषध होतं: एक चौतीस मिनिटांची बासरी. ती वरच्या सुरात सुरू होई आणि सावकाश, एकेका मजल्यावर थांबत, तळाशी येऊन टेके. तपासणी केंद्राने कानात सोडलेली बासरी खालून वर जाणारी निघाली. चौथ्या मिनिटाला लिफ्टवाल्यांनी हातातला धोक्याचा फुगा दाबला.

“काका, चाळीस मिनिटं लागतात हो,” मशीन चालवणारी बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण घड्याळ होतं. “हललात की मानेचा फोटो हलतो. तुमची नेहमीची बासरी सीडीवर घेऊन या. ऐकायची नळी आमच्या प्लेअरला जोडलेली आहे.”

“फोनवर आहे की. फोनच लावा,” मोठ्याबाई म्हणाल्या.

“फोन आत चालत नाही, काकू. आणि बाहेरून जोडावा तर प्लेअरची बाकीची भोकं मशीनच्या कंपनीने सील करून टाकलीत. सीडीच लागेल. गुरुवारी अकराची वेळ देते. त्यानंतर दीड महिना जागा नाही.”

दीड महिना थांबायची सोय नव्हती. लिफ्टवाल्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. मानेतली नस कुठेतरी दबली होती. शल्यचिकित्सकाने शनिवार दिला होता आणि बजावलं होतं, की फोटो नाही तर सुरी नाही. गुंगी देऊन फोटो काढावा तर यांच्या हृदयाला ते झेपणार नाही. आणि महिनाभर काढलात तर बोटांचं मी काही सांगू शकत नाही. ज्या माणसाने अंधारात चाचपून नट बसवले, त्याला सकाळी शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मोठ्याबाई लावून देत, आणि लावताना तोंडाचा पट्टा चालू ठेवत, म्हणजे आपली कीव केली जातेय असं लिफ्टवाल्यांना वाटू नये.

हा झाला सोमवार.

घरी आल्याबरोबर त्यांनी मुलाला समोर बसवलं. मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा, पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो लगेच करत नसे; आधी तिची नोंद घेत असे.

“बाळ, फोनमधली बासरी काढ आणि सीडीवर घाल.”

“करतो कार्यवाही,” बाळ म्हणाला. तासाभराने घाम पुसत आला. “आई, ती निघत नाही. फाईल कॉपी केली, पण कॉम्प्युटर म्हणतो हा प्रकार मला ओळखता येत नाही. तिला कुलूप आहे. फक्त त्यांच्याच अॅपमध्ये वाजते.”

“पण विकत घेतलीय ना आपण?”

“घेतलीय.”

“मग कुलूप कुणाचं?”

“अॅपवाल्या कंपनीचं. फॉरमॅट बदलायचा तर ते तोडावं लागेल. आणि ते तोडणार नाही असं आपण लिहून दिलंय. तूच ‘मान्य’ दाबलंस.”

दाबलं होतं, हे खरं. म, आ, न, य अशी अक्षरं लावत, स्वतःच्या बोटाने दाबलं होतं. त्याखालचा बासष्ट पानांचा करार चौथी शिकलेल्या बाईने वाचला नव्हता. पदवीधर मुलानेही वाचला नव्हता. पण मोठ्याबाईंचं म्हणणं असं, की न वाचायचं होतं तर याला एवढं शिकवलं कशाला.

बरं, विकत तरी का घेतली? फुकट मिळत होती की. तिथेच खरी गोम होती. खालच्या मजल्यावरचा रेडिओवाला दुरुस्तीच्या दुकानात बसून इमारतीतल्या सगळ्यांना हवी ती गाणी कुठून कुठून आणून भरून देत असे. सहा महिन्यांपूर्वी इमारतीच्या बैठकीत, पंचवीस माणसांसमोर, मोठ्याबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गाणं वाजवणाऱ्याच्या पोटाला काही लागतं की नाही? हा माणूस गाण्यांचा चोर आहे. आमच्या घरात फुकटचं काही वाजत नाही.” त्या दिवसापासून रेडिओवाला जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून उभा राही आणि हात जोडून म्हणे, “नमस्कार, मोठ्याबाई. चोर उभा आहे, जपून जा.” रोज. सहा महिने. एखाद्याने शिवी दिलेली परवडते.

आणि आता इमारतीत सीडी बनवायचं यंत्र होतं ते फक्त त्याच्याकडे.

मंगळवारी सकाळपर्यंत ही बातमी दोन्ही जिन्यांनी वर गेली. समोरची शेजारीण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, “विकत घेतलेल्या कापडाचं झबलं शिवायला दुकानदाराला विचारतं का कुणी? घाला सीडीवर आणि मोकळ्या व्हा.” वरच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर जिन्यातच म्हणाले, “कापडाला कुलूप नसतं, वहिनी. माझ्या ओळखीच्या एकाने असंच काहीतरी केलं होतं.” पुढे काय झालं, असं विचारल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण मान अशी हलवली, की मोठ्याबाई झबलं विसरल्या.

त्यांना तुरुंगाची भीती नव्हती. तुरुंगात निदान वेळेवर बटणं लावून द्यावी लागत नाहीत. भीती होती ती जिन्याची. भिंतीला टेकून, हात जोडून उभ्या असलेल्या त्या माणसासमोरून चोर होऊन जायचं कसं?

“जावईबापूंना विचारू,” त्या म्हणाल्या.

जावईबापू म्हणजे भाचीचा नवरा. कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली त्याचं टेबल होतं. त्यावर शिक्के, शाईचा पॅड आणि ‘कायद्याचा सल्ला, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार’ अशी पाटी. त्याने सगळं ऐकलं, डोळे मिटले, आणि खूप वेळाने उघडले.

“मावशी, प्रश्न फार सुंदर आहे.”

“सुंदर राहू द्या. हो की नाही ते सांगा.”

“हो आणि नाही. स्वतःपुरतं ऐकायला कॉपी केली तर कायदा बहुधा डोळेझाक करेल. पण कुलूप तोडणं ही निराळी बाब. त्यात पुन्हा तुम्ही करार केलेला. आणि गाणं तुम्ही विकत घेतलंय असं तुम्ही म्हणता, कंपनी म्हणेल की ऐकायची परवानगी घेतलीय. म्हणजे बघा, घरात राहायचं, पण भिंतीला खिळा मारायचा नाही.”

“म्हणजे मी भाडेकरू?”

“बासरीपुरत्या.”

मोठ्याबाईंनी हा शब्द गिळला. त्यांनी आयुष्यात भाड्याचं घर सोडायला नऊ वर्षं मरमर केली होती.

“कुणी कोर्टात विचारलं तर?”

“तर कोर्ट ठरवेल.”

“कधी?”

“सात-आठ वर्षांत.”

“गुरुवारी अकरा वाजता आहे, जावईबापू.”

जावयाने एक प्रतिज्ञापत्र मात्र करून दिलं: ‘सदर बासरी मी केवळ माझ्या पतीच्या दोन कानांपुरतीच वापरीन, तिसऱ्या कानी पडू देणार नाही.’ मोठ्याबाईंनी सही केली. सही करायला त्यांना वेळ लागे, कारण त्या प्रत्येक अक्षराला पूर्ण मान देत. वर शिक्का बसला. मग जावई म्हणाला, “याला तसा अर्थ नाही. पण असलेलं बरं. आणि एकदा कंपनीला लेखी विचारा. विचारणारा माणूस चोर नसतो.”

हे वाक्य मोठ्याबाईंना फार पटलं. पुढचा घोटाळा त्या वाक्यातूनच झाला.

बाळने रीतसर अर्ज लिहिला. विषय: विकत घेतलेली बासरी पतीच्या उपचारासाठी सीडीवर उतरवण्याची परवानगी मिळणेबाबत. सोबत प्रतिज्ञापत्राचा फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि कुणी मागितला नसताना, लिफ्टवाल्यांच्या बोटांचा फोटो. कंपनीचं उत्तर दोन मिनिटांत आलं: आपण आमच्या परिवाराचे मौल्यवान सदस्य आहात.

“परिवारातली आहे तर हो-नाही सांगायला काय जातं?” मोठ्याबाई म्हणाल्या. “परत विचार.”

परत तेच उत्तर आलं. चार वेळा विचारलं, चारही वेळा त्या मौल्यवानच निघाल्या.

बुधवार उजाडला तेव्हा घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. लिफ्टवाले एकटेच शांत होते, म्हणजे शांत दिसत होते. डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून दाबत बसले होते. पान्ह्यांचा जुडगा तपासावा तशी.

शाळेत शिकवणाऱ्या सुनेला दुपारी सुट्टी असे. ती कमी बोले. मोठ्याबाईंच्या घरात बोलणाऱ्याची जागा आधीच भरलेली होती. पण त्या दिवशी ती कवायतीचा टेपरेकॉर्डर हातात घेऊन आली आणि म्हणाली, “आई, कुलूप तोडायचंच कशाला? बासरी फोनवर मोठ्याने लावू आणि खोलीतल्या खोलीत टेप करू. कुलूपही राहील, बासरीही मिळेल. कॅसेटवरून सीडी नंतर.”

जावयाला फोन लावला. त्याने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, “हं. असंही म्हणता येईल.” तीन दिवसांत कुणी ‘हो’च्या इतकं जवळ आलं नव्हतं.

खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. दाराची घंटा काढून ठेवली. फोन उशीवर, टेपरेकॉर्डर स्टुलावर. लिफ्टवाले खाटेवर पडले होते, त्यांना उठवून उपयोग नव्हता. दुसऱ्या खोलीत पाठवलं तर खोकत. मोठ्याबाईंनी सगळ्यांना बजावलं, “कुणी हूं का चूं करायचं नाही.” बाळने दोन्ही बटणं एकदम दाबली आणि बासरी सुरू झाली.

ती चौतीस मिनिटं मोठ्याबाईंनी कशी काढली ते त्यांनाच माहीत. घराची अब्रू त्या छोट्या फिरत्या चकत्यांवर ठेवलेली. बाळचा पाट करकरला. सून दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. खाट कुरकुरली. शांतता राखायची म्हणजे कुणीतरी ती राखली पाहिजे, आणि त्या घरात राखणारं माणूस एकच होतं.

बासरी तळाला टेकली तसा फोन किणकिणला. कंपनीचा निरोप होता. आपल्या वारंवार चौकशीमुळे आपलं खातं तपासणीसाठी थांबवण्यात आलं आहे. बहात्तर तास प्रतीक्षा करा.

“म्हणजे?” मोठ्याबाईंनी विचारलं.

“म्हणजे आता फोनवरही वाजणार नाही,” बाळ म्हणाला. “विचारलं म्हणून बंद केलं.”

न विचारणारे खालच्या मजल्यावर बिनधास्त ऐकत होते. मोठ्याबाई उठल्या. कॅसेट पदराखाली धरून जिना उतरल्या.

रेडिओवाला उघड्या टीव्हीत डोकं घालून बसला होता. त्यांना बघून तो भिंतीकडे सरकला, पण हात जोडायच्या आधीच त्या म्हणाल्या, “आज राहू द्या. काम आहे.”

त्याने कॅसेट लावली. आधी बासरी आली, लांबून, शेजारच्या गावातून यावी तशी. आणि मग अगदी जवळून, स्पष्ट, खणखणीत आवाज आला: “बाळ, पाट करकरतोय. उतर खाली. हळू. हळू म्हटलं ना.” थोडी बासरी. “सूनबाई, घड्याळाकडे काय बघतेस, ते काय पळून जातंय?” बासरी. “कुणी हलायचं नाही.”

मोठ्याबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आपण बोललो हे त्यांना आठवत नव्हतं. श्वास घेतलेला कुणाला आठवतो?

“पुन्हा टेप करा,” रेडिओवाला म्हणाला. तो हसला नाही, हे त्यांनी मनात नोंदलं.

“खातं बंद झालंय.”

रेडिओवाल्याने मान खाजवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तीच बासरी माझ्याकडे आहे. स्वच्छ. सहा महिने पडून आहे.”

“कुठून आणलीत?”

“ते विचारू नका. असं धरा, की विकत घेतलेली तुमची, वाजणारी माझी.”

त्याने दोन सीडी बनवल्या, एक कॅसेटवरून, दुसरी कॉम्प्युटरमधली फाईल तशीच टाकून. एकीवर लिहिलं ‘घरची’, दुसरीवर ‘माझी’. मोठ्याबाईंनी ‘घरची’ उचलली. “ती राहू द्या,” म्हणाल्या, आणि ताठ मानेने निघाल्या. तिसऱ्या पायरीवर थांबल्या. वर खाटेवर बसून बोटं मोजणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्या परत फिरल्या, ‘माझी’ उचलली आणि पिशवीच्या तळाशी घातली. रेडिओवाल्याने त्या संध्याकाळी नमस्कार केला नाही. टीव्हीत डोकं घालून बसून राहिला. माणसात एवढी जाण असेल असं मोठ्याबाईंना वाटलं नव्हतं, आणि वाटलं नव्हतं याचा त्यांना रागही आला.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना लिफ्टवाले पांढऱ्या झग्यात मशीनच्या फळीवर आडवे झाले. काचेच्या अलीकडच्या खोलीत मशीनबाई, बाळ आणि मोठ्याबाई. मोठ्याबाईंनी पिशवीत हात घातला. दोन्ही सीडी हाताला लागल्या. त्यांनी ‘माझी’ काढून पुढे केली.

“आई?” बाळने अक्षरं वाचली.

“गप्प बस. चोर तर चोर.”

सीडी आत गेली. प्लेअर घरघरला, थांबला. त्याच्या छोट्या पडद्यावर नुसत्या रेघा. पुन्हा घातली, पुन्हा रेघा.

“यात फायली आहेत, काकू,” मशीनबाई म्हणाली. “हे डबडं जुनं, याला हा फॉरमॅट कळत नाही. साधी सीडी लागते. दुसरी नाही का? बाराला पुढचा पेशंट आहे.”

अब्रू विकून आणलेला माल, आणि तोही चालेना. मोठ्याबाईंनी ‘घरची’ काढली. हातात देताना म्हणाल्या, “यात थोडा आवाज आहे.”

“चालतो.”

फळी आत सरकली. लिफ्टवाल्यांचं डोकं नळकांड्यात गेलं, खांदे गेले, बाहेर नुसते पाय उरले. मशीन दणदणू लागलं. खोलीतल्या छोट्या स्पीकरवर मशीनबाईला ऐकू येण्यासाठी तेच वाजत होतं. लांबची बासरी. जवळच्या मोठ्याबाई.

“त्या मशीनवाल्या बाईचं तोंड बघितलंत ना,” स्पीकर म्हणाला, “जशी आपण तिचं घर मागायला गेलो होतो.”

मशीनबाईने बटणांवरची नजर वर केली नाही. मोठ्याबाईंनी भिंतीवरची आग विझवायची सूचना वाचायला घेतली. अक्षर अक्षर लावत, दोनदा वाचली.

चार मिनिटं झाली. फुगा दाबला गेला नाही. सात झाली. अकराव्या मिनिटाला डाव्या पायाचा अंगठा हलला. मग पाऊल. मग गुडघा किंचित वर येऊ लागला, आणि मशीनबाईचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. बाळने डोळे मिटले.

“अहो, पाय हलवू नका,” स्पीकर खेकसला. “खाट वाजते.”

गुडघा खाली गेला. पाऊल सरळ झालं. अंगठा जागच्या जागी गोठला.

“असं. पडून राहा आता. मी आहे इथे.”

हे वाक्य आपण बोललो होतो, हेही मोठ्याबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी खिडकीबाहेर बघायला घेतलं. खोलीला खिडकी नव्हती.

त्यानंतर पाय हलला नाही. जावयाचा उद्धार झाला, कॅशियरच्या मानेचा झाला, कंपनीच्या सात पिढ्यांचा झाला. पाय हलला नाही. चौतीस मिनिटांनी सीडी संपली तेव्हा मशीनबाईने श्वास रोखून ती पुन्हा पहिल्यापासून लावली. “बाळ, पाट करकरतोय,” ऐकून नळकांड्याबाहेरची पावलं निवांत बाहेरच्या बाजूला कलंडली. माणूस झोपला होता.

फोटो असे आले, की मशीनबाईने ते दुसऱ्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून दाखवले. नस कुठे दबली ते बोट ठेवून सांगता येत होतं. शनिवारची शस्त्रक्रिया पक्की झाली.

मग मशीनबाई सीडी हातात घेऊन बाहेर आली. मोठ्याबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, शब्द जुळवत होत्या.

“काकू,” मशीनबाई म्हणाली, “हिची एक कॉपी करून ठेवू का आमच्याकडे? रोज दोघं-तिघं घाबरून बाहेर येतात. असं निश्चल कुणी राहत नाही. तुम्ही परवानगी दिलीत तरच.”

मोठ्याबाईंनी जुळवलेले शब्द टाकून दिले. सोमवारपासून त्या दारोदार हाच प्रश्न विचारत फिरत होत्या, आणि कुणाच्या तोंडून एक सरळ अक्षर निघालं नव्हतं.

“हो,” त्या म्हणाल्या. “करा. कितीही करा. कुलूप लावू नका म्हणजे झालं.”

“आई, तसं देता येणार नाही,” बाळ मध्ये पडला. “आवाज तुझा आहे, पण मागे बासरी आहे. ती कंपनीची. तिची परवानगी…”

“मग बासरी पुसून टाका.”

तेवढ्यात लिफ्टवाले कपडे बदलून, डोळे चोळत बाहेर आले. शर्टाची बटणं उघडीच होती. मोठ्याबाईंनी पुढे होऊन ती लावायला घेतली. लिफ्टवाल्यांनी मान वर धरली आणि विचारलं,

“बासरी होती का त्यात?”